हुरड्याच्या रानातली बाज

मित्रांनो, गोठ्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी बाज म्हणजे मीच.

१९८३ साली घनसावंगीजवळच्या एका खेड्यात रखमाजी सुतारांनी मला घडवले. माझे पाय बाभळीचे आहेत. रामकिसन आणि गोजरबाई यांचे नुकतेच लग्न झाले होते. त्यांच्या घरी मी आले. घर मला फार आवडले. पण दिवाळी सरली, की रानातल्या ज्वारीची राखण शेजाऱ्यांवर सोपवून दोघे ऊस तोडायला दूर निघून जात. मला भिंतीला उभी करत आणि दाराला कुलूप लावत. पाच महिने अंधार! छपराच्या फटीतून एक कवडसा यायचा, भिंतीवरून सरकायचा आणि निघून जायचा. तेवढीच सोबत. अशी तेरा वर्षे गेली. त्यांची लेक कौसल्याही बरोबर जाऊ लागली आणि दर वर्षी तिची शाळा अर्ध्यावर सुटू लागली.

१९९६च्या हिवाळ्यात रामकिसनचा पाय मोडला, म्हणून सगळे घरीच राहिले. घरात काळजी होती. तेव्हा औरंगाबादहून सुहासिनीताई आल्या. त्यांचे वडील पूर्वी या गावात शिक्षक होते. बरोबर कचेरीतल्या सहा मैत्रिणी होत्या. गोजरबाईंनी मला रानात लिंबाखाली टाकले, गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसे भाजली आणि गरम हुरडा चोळून पुढे ठेवला. निघताना ताईंनी पैसे पुढे केले.

"पाव्हण्याकून पैसे? न्हाई बाई, बिलकुल न्हाई!"

"मग आम्ही पुन्हा येणार नाही, वहिनी. पुढच्या रविवारी वीस जणांना यायचंय. फुकट कसं खायचं?"

गोजरबाईंनी माझ्यावर सांडलेला हुरडा गोळा केला. मग म्हणाल्या, "या. पैसे घेईन, पर जेवून जावं लागंल."

पुढच्या दिवाळीला ऊसतोडीचा मुकादम बोलवायला आला. गोजरबाई दारातूनच म्हणाल्या, "औंदा आमी येत न्हाई. आमच्या रानात पाव्हणे येऊन राह्यलेत." आता कौसल्या दर वर्षी परीक्षेपर्यंत शाळेत बसू लागली.

पाहुणे माझ्यावर बसून फोटो काढत. मला केवढा अभिमान वाटे! मग एका साहेबांना माझी सुतळी टोचली. पुढच्याच आठवड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी गोठ्यामागे गेले.

पावसाने माझी सुतळी कुजली. रविवारी रानातून हसण्याचे आवाज येतात. माझी माणसे आता बारा महिने हाकेच्या अंतरावर असतात, पण इकडे कोणी येत नाही.

यंदा रामकिसन आले, ते कुऱ्हाड घेऊन. आगटीला जळण कमी पडले होते.

"मोडकीच हाय ही," ते म्हणाले.

गोजरबाई धावत आल्या. "राहू द्या! पयले पाव्हणे हिच्यावरच बसल्ते. बाजारातून सुतळी आणा, मी विणते."

"आणतो."

त्यानंतर तीन बाजार झाले. सुतळी आली नाही. विसरले असतील. कामे वाढली आहेत, आणि त्याचा मला आनंदच आहे.

मित्रांनो, बरे दिवस आले, की वाईट दिवसांतल्या वस्तू आधी मागे पडतात. तुम्ही आमच्या रानात हुरडा खायला आलात, तर गोठ्यामागेही एक चक्कर मारा. आणि निघताना गोजरबाईंना तेवढी आठवण करून द्या. मला विणायला एक दुपार पुरते.