धुक्यापलीकडची होडी

मी एक जुनी दुर्बीण आहे. पितळेची, तीन नळ्यांची, एका बाजूला पोचा आलेली. मित्रांनो, आज मी एका पेटीच्या तळाशी पडून आहे. पण एके काळी माझ्या मालकिणीचे नाव ऐकून भल्याभल्या जहाजांना कापरे भरत असे.

तिच्या वडिलांनी मला घडवले. ते भिंगे घासायचे. तिची आई गेली त्या दिवशी मुलीचा एक अश्रू माझ्या काचेवर पडला. वडिलांनी तो पुसला नाही, तसाच घासून काचेत मुरवला. तेव्हापासून माझ्यातून धुक्यापलीकडचे दिसू लागले. मात्र फक्त तिच्याच डोळ्याला.

वडीलही गेल्यावर ती मला कमरेला खोचून चाच्यांच्या जहाजावर चढली आणि एकोणिसाव्या वर्षी कप्तानीण झाली. ती जहाजे लुटायची, पण कुणाचे पिण्याचे पाणी तिने कधी घेतले नाही. "पोरीच्या नजरेला तोड नाही," असे सगळे म्हणत आणि मी मनातल्या मनात फुशारून जाई.

मग एक वादळ आले. शिडे फाटली. पाण्याची पिंपे फुटली, एकच उरले. किनारा चार दिवस लांब होता आणि पाणी आम्हाला जेमतेम तेवढेच पुरणार होते. सकाळी दाट धुके होते. तिने मला डोळ्याला लावले आणि मी तिला एक होडी दाखवली. होडीत तिघे होते. धुक्यात वाजणाऱ्या आमच्या जहाजाच्या घंटेकडे तोंड करून एक बाई रुमाल हलवत होती.

तिने मला झटकन मिटले.

"काय दिसतंय गं?" सुकाणूवरच्या काकांनी विचारले.

"होडी आहे. रिकामी."

"नीट बघ."

"रिकामी म्हटलं ना, काका! चला."

आमची सगळी माणसे वाचली. बंदरात त्यांनी तिला खांद्यावर घेऊन मिरवले. तिसऱ्या दिवशी मात्र तिने काकांना सारे सांगून टाकले.

काका म्हणाले, "आम्हाला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही सगळे 'घ्या त्यांना' म्हणाला असतात. म्हणूनच नाही विचारलं."

"माझ्या वाटणीचं पाणी माझं होतं, पोरी. ते द्यायचं की नाही, हे मी ठरवलं असतं."

काका जहाज सोडून गेले. ती जहाज घेऊन माघारी फिरली. समुद्राचा तोच भाग तिने बारा दिवस पिंजून काढले. मी शोधून शोधून थकले. काहीच सापडले नाही. तिने मला पेटीत ठेवले आणि पुन्हा कधी बाहेर काढले नाही.

आता माझ्यावर हिरवा गंज चढला आहे. कधी वाटते, त्या सकाळी माझी काच आंधळी झाली असती तर बरे झाले असते. मित्रांनो, कुणाच्या हाती मी लागलेच, तर मला मऊ कापडाने पुसा, पडू देऊ नका. आणि जे दिसेल ते शेजारच्याला खरे सांगा. मला दिसले होते. सांगायला तोंड नव्हते.