पोळ्याआधी आठ रोज

जालन्याच्या बियाणे केंद्रातल्या जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम अर्पितानं सकाळी संपवलं आणि नको तो शहाणपणा करून जुना संगणक आतली माहिती पुसायलाही देऊन टाकला. दुपारी पाहते तर कपाशीच्या वाणांची नावं आली होती, उंची आली होती, बोंडं आली होती. फक्त ‘पहिलं फूल’ हा रकाना बाराही वर्षांचा कोरा. लवकर फुलणारं वाण कोणतं, हे उद्या त्याच रकान्यावरून ठरणार होतं.

"अंदाजे आकडे टाक आणि मोकळी हो," केंद्रप्रमुख धर्मराज सर म्हणाले. सरांना प्रत्येक गोष्टीतून मोकळं व्हायची घाई असते.

नशिबानं जुन्या नोंदींची एक फाइल तिनं काढून ठेवली होती. ती उघडली आणि तिच्या जिवात जीव आला. तो रकाना जागेवर होता. पण तारखेऐवजी लिहिलं होतं, ‘पोळ्याआधी आठ रोज’, ‘पोळ्यानंतर दोन रोज’. नव्या रकान्याला फक्त तारीख चालत होती. बाकीचं त्यानं गुपचूप टाकून दिलं आणि वर ‘काम यशस्वी’ असंही कळवलं. असल्या यशाला काय म्हणावं.

या नोंदी कडूबामामांच्या. केंद्राच्या शेतावरची नोकरी संपवून ते आता पिंपळगाव रेणुकाईला घरीच असत. तिनं फोन लावला.

"मामा, तारीख का नाही लिहिली?"

"शेतात आम्ही पोळ्यावरूनच मोजतो ताई. फूल दिसलं की तसंच मांडलं."

"पण पोळा दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो."

"मंग कॅलेंडरं हायेत की. समद्या सालांची एकाच खिळ्याला लटकून राह्यली. थांबा, काढतो."

हे मोबाइलवरही सापडलं असतं, पण मामांचा उत्साह ऐकून तसं सांगणं तिच्या जिवावर आलं. मामा एकेका सालाचा पोळा सांगत गेले. एकोणीस सालचा तीस ऑगस्टला, म्हणजे ‘आठ रोज आधी’चं फूल बावीसला. ती भरायची, पान बंद करून पुन्हा उघडायची आणि आकडा टिकलाय ना ते पाहायची. तासाभरात रकाना भरत आला.

सतरा साल तेवढं राहिलं. ते जुन्या फाइलमध्येही कोरंच होतं.

"त्या साली माझ्या पोरीला, शालूला, दवाखान्यात ठिवल्तं," मामा म्हणाले. "महिनाभर मी शेतात गेल्तोच न्हाई. बघितलंच न्हाई, तर लिहायचं काय?"

अर्पितानं जरा भीतभीतच विचारलं, "आता कशा आहेत त्या?"

"बरी हाये की. मला बारीक अक्षर दिसत न्हाई, तीच तर मघापासून पोळे वाचून देऊन राह्यली."

संध्याकाळी धर्मराज सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही एवढी जागा रिकामी राहिली."

"ती रिकामीच बरोबर आहे, सर," अर्पिता म्हणाली.