प्रेस नंबर चारची नोंद

मित्रांनो, मी झाकणांच्या कारखान्यातला जुना संगणक. सध्या गोदामात मोडका पंखा आणि रिकामं पिंप यांच्या मधोमध माझी जागा आहे. अंग पिवळं पडलंय, कीबोर्डची चार बटणं गेली आहेत. पण स्मरण शाबूत आहे, आणि तेच जड झालं आहे.

सुरुवातीची तीन वर्षं मी ऑफिसात पत्रं टाइप करायच्या कामाला होतो. कुणी लाड केले नाहीत, कुणी छळलंही नाही. मग एके सकाळी मला उचलून थेट यंत्रांच्या दालनात नेलं. तिथे काचेची एक केबिन होती आणि तिच्यातून सहाही प्रेस दिसत. पत्र्याची पट्टी आत जायची, प्रेस दाणकन खाली यायचा आणि बरणीचं झाकण बाहेर पडायचं. ही सगळी यंत्रं आता माझ्यावरून चालणार होती.

त्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकायला बाहेरून एक इंजिनिअर आला. दोन दिवस तो माझ्यासमोर बसून होता. माझं विषाणूंपासून राखण करणारं सॉफ्टवेअर त्याने बंद केलं, पाठीत लायसन्सची इवलीशी चावी खोचली आणि मला पाच वेळा बंद करून चालू केलं. पडद्यावरची हिरवी पट्टी सदतीस टक्क्यांवर तासभर अडली, तेव्हा माझा पंखा असा घरघरत होता की केबिनीत बोललेलं ऐकू येईना.

शेवटच्या पायरीवर इंजिनिअर म्हणाला, "आता प्रत्येकाचं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड टाकू. कोणी काय केलं ते नोंदीत येतं. दहा मिनिटांचं काम आहे."

कारखान्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मालक बघायला येताहेत. एकच नाव टाका. इथे बसणार कोण? थोरली. तिचंच टाका."

थोरली म्हणजे केबिनीतली ऑपरेटर. तिची धाकटी जाऊ त्याच कारखान्यात प्रेस नंबर चारवर होती, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीची मुलगी तिला मोठी आई म्हणायची आणि तिच्याच कुशीत झोपायची. थोरलीने पासवर्ड म्हणून त्या पुतणीचंच नाव ठेवलं. शेजारी उभा असलेला सुपरवायझर म्हणाला, "मलाही सांगून ठेवा. तुम्ही रजेवर असलात तर काम अडायला नको." थोरलीने सांगून टाकलं.

पुढची दोन वर्षं माझ्या सुखाची गेली. थोरली रोज ओल्या फडक्याने माझा पडदा पुसायची. पाहुणे आले की साहेब माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "हा कधी खोटं बोलत नाही." मी फुलून जायचो. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास धाकटीला छेडायचं, "जावाजावा असून भांडत कशा नाही?" धाकटी म्हणायची, "भांडतो की. पण घरी. इथे पगार झाकणांचा मिळतो."

प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा होता. हात आत गेला की किरण तुटायचे आणि प्रेस जागच्या जागी थांबायचा. चार नंबरच्या पडद्याच्या काचेवर तेल उडायचं, त्यामुळे तो उगाचच थांबायचा. एकदा मोठी ऑर्डर होती. सुपरवायझर केबिनीत आला आणि थोरलीला म्हणाला, "चारचा पडदा बंद करा. आजच्या दिवसापुरता."

"आधी काच पुसून घ्या," थोरली म्हणाली. "पंधरा मिनिटं लागतील. पडदा मी बंद करणार नाही."

"तुमची जाऊ आहे म्हणून?"

"जाऊ नसती तरी केला नसता."

सुपरवायझर वळून आपल्या खोलीत गेला. एक वाजता थोरली डबा घेऊन बाहेर पडली. धाकटीची जेवणाची पाळी नंतर होती, ती प्रेसवरच राहिली. एक वाजून सहा मिनिटांनी मला हुकूम आला: प्रेस चार, पडदा बंद. नाव थोरलीचं होतं आणि पासवर्ड बरोबर होता. हुकूम सुपरवायझरच्या खोलीतल्या, मला जोडलेल्या संगणकावरून आला होता. मला तो मोडता येत नव्हता. मी पाळला आणि नोंद केली.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी पट्टी वाकडी अडकली. पडदा आपल्याला सांभाळतो, हे धाकटीला दोन वर्षांत अंगवळणी पडलं होतं. तिने पट्टी सरळ करायला उजवा हात आत घातला.

प्रेस थांबला नाही.

तिची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. सुपरवायझरने सगळ्यांच्या आधी धावत जाऊन तिला उचललं. धुलाई होईपर्यंत चार नंबर अर्धा तास बंद राहिला, मग चालू झाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या दिवसाची नोंद छापायला सांगितली. छापली सुपरवायझरने. माझ्या नोंदीत प्रत्येक हुकमापुढे तीन रकाने असतात: वेळ, नाव आणि तो कुठून आला ती जागा. त्याने कागद उभा लावला. उभ्या कागदावर दोनच रकाने मावतात. तिसरा कापला गेला.

साहेबांनी सगळ्यांसमोर कागद वाचला. थोरली पुढे आली. "मी जेवायला गेले होते," ती म्हणाली.

"मग तुमचं नाव इथे कसं?"

तिने सुपरवायझरकडे पाहिलं. "यांना पासवर्ड माहीत आहे."

"माझं नाव आहे का त्यात?" सुपरवायझर शांतपणे म्हणाला. "असेल तर दाखवा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "शेवटी जावाच त्या." दोघीतिघी हसल्या. साहेबांनी माझ्यावर थाप मारली. "हा कधी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. मित्रांनो, त्या दिवशी ती थाप मला चपराकीसारखी लागली. थोरलीला त्याच दुपारी कामावरून काढलं.

तोच कागद सुपरवायझर घडी घालून इस्पितळात घेऊन गेला. धाकटीने तो डाव्या हातात धरून दोनदा वाचला. थोरली भेटायला आली, तेव्हा धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. "जाऊबाई, पोरीला भेटू नका," एवढंच म्हणाली. थोरली आठवड्याभरात घर सोडून भावाकडे गेली. पोरगी तीन दिवस जेवली नाही, चौथ्या दिवशी जेवली. हे धाकटीने इथे गोदामातच एकदा सांगितलं, म्हणून मला कळलं.

सहा महिन्यांनी नवा संगणक आला. सॉफ्टवेअर टाकायला तोच इंजिनिअर होता. जुन्या नोंदी चाळताना त्याचा हात थांबला. त्याने साहेबांना केबिनीत बोलावलं. "त्या दिवशीचा हुकूम सुपरवायझरच्या खोलीतून आलाय."

साहेबांनी केबिनीचं दार लोटलं. "नव्या संगणकात प्रत्येकाचं वेगळं नाव टाका," ते म्हणाले. "जुनं उकरून कुणाची बोटं परत येणार आहेत? आणि पुढच्या वर्षीचं काम तुम्हालाच द्यायचंय." इंजिनिअर परत माझ्याकडे वळला. नोंद त्याने पुसली नाही, कुणाला दाखवलीही नाही. माझी वायर काढून तिची नीट गुंडाळी केली.

हात भरून आल्यावर धाकटीला गोदामात बसून करायचं काम मिळालं. ती माझ्या शेजारच्याच टेबलाशी बसते. डबा माझ्या डोक्यावर ठेवते. थोरलीचं नाव कुणी काढलं तर उठून जाते. ती नोंद तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, माझ्या पोटात आहे, आणि मला तोंड नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झाडली नाहीत तरी माझी तक्रार नाही. विनवणी एकच आहे. आमच्यासारख्यांच्या सांगण्यावरून कुणाला घराबाहेर काढायचं असेल, तर आधी आमच्यासमोर खुर्ची ओढून बसा आणि आम्ही लिहिलेलं सगळं वाचा. आम्हाला शिकवलं तेवढंच आम्ही लिहितो. आणि दहा मिनिटांचं काम दहा मिनिटं देऊन करा.

काल धाकटीला भंगाराची यादी करायला सांगितलं. शनिवारी गाडी येणार आहे. गोदामाच्या म्हाताऱ्या कारकुनाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा चालू होतो का, लावून बघायचा?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. डबा उचलून बाजूला ठेवला, माझ्या पाठीवरचा नंबर बघून घेतला.

"कशाला?" ती म्हणाली, आणि डाव्या हाताने, अजून वळण न लागलेल्या अक्षरांत, सावकाश लिहिलं: जुना संगणक, एक. निकामी.