जिल्हा, तालुका, गाव

माणूस भेटला की माझ्या नवऱ्याला, विनयला, आधी त्याचा जिल्हा लागतो, मग तालुका, मग गाव. तोवर त्याला चहा गोड लागत नाही. आमच्या लेकीच्या, हिमानीच्या, होणाऱ्या सासरी, न्यू जर्सीतच पॅलिसेड्स पार्कला, पहिल्यांदा जेवायला निघालो तेव्हा मी गाडीतच दम दिला होता, "तिथे कुणाची कुंडली मांडत बसू नकोस."

पण विषय काढला होणाऱ्या जावयाच्या, डॅनियलच्या वडिलांनीच. मिस्टर युन यांनी फडताळावरची मातीनं भरलेली बरणी दाखवली. गेल्या वर्षी ते कोरियात गिम्ह्वाला, आपल्या आईच्या मुलखात जाऊन आले होते. ही तिथली माती. कोरियाच्या लढाईत आई लहानपणीच तिथून निघाली, ती परत गेलीच नाही. आता ती गेल्यावर ही माती तिच्याबरोबर पुरायची, असं ठरलं होतं. ही आई, म्हणजे डॅनियलच्या आजी, शेजारीच बसल्या होत्या, माझ्याकडे बघून हसल्या.

"गिम्ह्वा जिल्हा, ओके. पण तालुका कुठला?" विनयनं विचारलंच. मी टेबलाखालून पाय मारला.

मिस्टर युन आईकडे वळले. त्यांनी आईला हे कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं. आजी हळूच म्हणाल्या, "चांगदो."

विनयचा फोन लगेच बाहेर. "अहो, तुमचा जिल्हा तर बरखास्त झालाय! लढाईनंतर मधूनच बॉर्डर गेली. साउथमध्ये उरलेला तुकडा त्रेसष्ट साली शेजारच्या जिल्ह्यात मर्ज केला, गिम्ह्वा नाव तेवढं राहिलं. आणि चांगदो तर नॉर्थ को..."

तो थांबला. मिस्टर युन पांढरेफटक पडले होते. मोडलं लग्न, एवढंच मनात आलं.

"मग ही माती कुठली?" त्यांनी आईला विचारलं. डॅनियल आम्हाला इंग्रजीत सांगत होता.

"बरणी उघडली तेव्हाच कळलं मला," आजी म्हणाल्या. "आमची माती तांबडी. पण तिकडे कुणाला जाऊ देत नाहीत. तू कुठून आणणार होतास? माझ्याबरोबर हीच पुरा. माझ्या मुलानं आणलीय."

साठीचे मिस्टर युन आईच्या खुर्चीपाशी खाली बसले. नकाशा उघडून विनयचा फोन त्यांनी तिच्या हातात दिला आणि लहान मुलासारखं विचारलं,

"आई, आणि गाव?"