वॉर्डात न बोलायचा शब्द

"सिस्टर, आज किती क्वा—"

ब्रायोनीचं वाक्य पुरं व्हायच्या आत नेटी चार्लटननं तिच्या तोंडावर हात ठेवला. नवी नर्स दचकली.

"तो शब्द इथे नको, पोरी. बाहेर जाऊन काय हवं ते बोल."

"तुम्ही मानता हे खरंच?"

"मानत नाही गं. पाळते."

बाहेर गावात 'क्वाएट', म्हणजे शांत, हा शब्द पैशाला पासरी होता. दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी क्वाएट, समुद्राला लाटा नसल्या तरी क्वाएट, पाळण्यातलं पोर रडत नसलं तरी क्वाएट. विल्फनं मागणी घातली तेव्हा नेटीची आई म्हणाली होती, "क्वाएट आहे गं जरा, पण पीत नाही." वॉर्डात मात्र कुणी तो उच्चारला, की तासाभरात रुग्णांची रीघ लागे. इंग्लंडभरच्या नर्सा हे सांगतात, हसतात आणि हळूच लाकडाला हात लावतात.

नेटीला ठाऊक असलेली गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. शब्द पडला की सगळ्यांत आधी शेवटच्या खोलीतली बेल वाजायची. खोली रिकामी असली तरी वाजायची. आणि खोलीत कुणी असलं, तर तो माणूस दुसरी सकाळ पाहत नसे. वायरमननं सगळी तार बदलली, तरी बेल आपली वाजतच राहिली.

आणि या आठवड्यात त्या खोलीत विल्फ होता. जन्मभर खेकडे पकडणारा तिचा नवरा. फुप्फुसं संपली होती. किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून होडी ओढावी तसा एकेक श्वास खरखरत यायचा. डॉक्टरांनी हात टेकले होते. नेटी मात्र दिवसभर पाहुण्यांना दारातच गाठून हवापाण्याच्या गप्पांत गुंतवायची, न जाणो कुणी बोलून गेलं तर!

रविवारी दुपारी विल्फची बहीण इना सूप घेऊन आली तेव्हा नेटी नेमकी औषधांच्या कपाटात डोकं घालून होती. इनानं हातमोजे काढले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय क्वाएट आहे गं बाई आज इथे."

शेवटच्या खोलीची बेल वाजली.

नेटी धावली. दारावरचा लाल दिवा पेटला होता. बेलचं बटण पलंगापासून दूर, भिंतीवरच्या खुंटीला लटकत होतं. विल्फचे दोन्ही हात पांघरुणात होते.

"तू वाजवलीस?"

"नाही." त्यानं श्वास ओढला. "दाराबाहेर कोण उभं आहे गं?"

"इना आलीय."

"इना नव्हे. तो. कधीचा ताटकळलाय."

नेटीनं वळून पाहिलं. इना लांब, पार त्या टोकाला बसली होती. मधली फरशी रिकामीच. खिडक्या साऱ्या बंद होत्या, तरी दारातून गार झुळूक आत येत होती, आणि तिला ओल्या जाळ्यांचा वास होता.

"तू अडवलंयस त्याला," विल्फ म्हणाला. "दमलो गं मी, नेटी."

तिला रडू फुटलं. "मी एकटी काय करू रे त्या घरात?"

"टीव्ही मोठ्यानं लाव. मी असताना लावतेसच की."

ती रडता रडता हसली. तेवढ्यात ब्रायोनी दारात आली. "सिस्टर, चार नंबरला धाप लागलीय."

"तू बघ," नेटी म्हणाली. नोकरीच्या उभ्या जन्मात असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. तिनं दार लावून घेतलं, खुर्ची पलंगाला भिडवली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"घर फार क्वाएट होईल रे, विल्फ."

बेल वाजली नाही. पाठीमागे दार उघडलं नव्हतं, तरी खोलीत आता तिघं आहेत हे नेटीला कळलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटत होती, पण विल्फला एकट्याला त्या तिसऱ्याबरोबर सोडायची तिची तयारी नव्हती.

ड्युटीचे बूट काढून तिनं पाय पलंगावर, त्याच्या पांघरुणात सरकवले. घरी तिचे बर्फासारखे पाय लागले की विल्फ शिव्या घालत भिंतीकडे सरकायचा.

नेटी थांबून राहिली. विल्फ सरकला नाही.