पोपटाला न दिसलेली मजा

"तू रागावली आहेस का? चल, थोडं सोपं गणित सोडवू या!"

टॅबवरच्या हिरव्या पोपटाने मान वाकडी करून विचारलं आणि चौथीचा अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. कारण टॅबसमोर खुद्द आशालताबाई बसल्या होत्या.

"बाई, पोपटाला पन कलला!" रोशनी ओरडली.

"मी रागावलेली नाही," बाई पोपटाला म्हणाल्या. आवाजही चेहऱ्यासारखाच, कडक. पोपटाने लगेच त्यांना दोन अधिक तीन किती, असं विचारलं.

शेजारी उभ्या असलेल्या निकेशला हसू दाबता येईना. खांदा कॉलनीत राहणारा हा तरुण ज्या कंपनीत होता, तिने विचुंब्याजवळच्या या शाळेला काही आठवड्यांसाठी टॅब वापरायला दिले होते. दोन हजार सोळा सालचा जानेवारी होता. "मॅडम, कॅमेरा चेहरा वाचतो," तो समजावू लागला. "मूल खुशीत दिसलं की पोपट अवघड गणित देतो. कंटाळलेलं, चिडलेलं दिसलं की सोपं. मुलांना मजा आली पाहिजे ना!"

बाईंना ती कल्पना मनापासून आवडली होती. पण ते त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. आयुष्यात काहीच कधी दिसलं नव्हतं.

त्या मूळच्या उरणकडच्या कोळ्यांच्या. लहानपणी आई म्हणायची, "आमचे आशाचा तोंड सुक्या बोंबलासारका, पन मन ताज्या पापलेटासारका." ते ताजं पापलेट बघायला थांबतो कोण? लग्नाच्या वेळी दोन स्थळं 'मुलगी रुसलेली दिसते' म्हणून परत गेली. तिसरे महादेवराव. त्यांनी सरळ विचारलं, "तुम्हाला माझा राग आलाय का?" त्या तशाच चेहऱ्याने म्हणाल्या, "नाही. मला आनंद झालाय." महादेवराव इतके हसले की कपातला चहा त्यांच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला. लग्न तिथेच ठरलं.

पोपटाने वर्गात जादू केली हे खरं. पाढे म्हटलं की पोटात दुखणारा आर्यन मधल्या सुट्टीतही टॅब सोडेना. रोशनी तर उत्तर चुकलं तरी हसायची आणि पोपट खूश होऊन तिला पुढचं गणित द्यायचा. बाई मागे उभ्या राहून बघत. पोरं खुशीने आकडेमोड करताहेत, याहून आणखी काय हवं?

आठवड्याभराने वर्गातली कीर्ती त्यांच्या टेबलापाशी आली. अंगाने काटकुळी, डोळे मोठे, बोलणं मोजकं.

"बाई, मना परत पैलीत घातला काय?"

"कोणी गं?"

"पोपटानी. रोज दोन अदिक तीनच ईचारतं. मना येतं ना ते."

बाईंनी तिला टॅब घेऊन बसवलं आणि शेजारी बसल्या. कीर्तीने उत्तर दिलं, बरोबर. दुसरं दिलं, तेही बरोबर. मग थोडं अवघड गणित आलं. कीर्तीच्या कपाळाला आठी पडली, ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या फुगल्या. ती आता खरी गणितात उतरली होती. तेवढ्यात पोपट फडफडला, "कंटाळा आला का? चल, सोपं गणित सोडवू या!" आणि गणित पुसून गेलं.

बाईंना तो आठी पडलेला चेहरा ओळखीचा वाटला.

दुसऱ्या दिवशी निकेश सांगत आला, "मॅडम, उन्हाळ्यात पनवेलला शिबिर घेतोय. ज्यांना जास्त मजा येते अशी पाच मुलं तुमच्या शाळेतून घेऊ. पोपटाने नावं काढलीत." त्यात रोशनी होती, आर्यन होता. कीर्ती नव्हती.

"तिला काही गोडी दिसत नाही हो," निकेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पडद्यावर तसंच दिसत होतं.

ती बातमी वर्गात पसरायला वेळ लागला नाही. मधल्या सुट्टीत बाई हात धुवायला नळावर गेल्या, तर कीर्ती खिडकीच्या काचेसमोर एकटी उभी. दोन्ही हातांच्या बोटांनी ओठांचे कोपरे वर ओढत होती. दात दिसत होते, डोळे मात्र भरलेले.

"काय चाललंय?"

"हसाया शिकतंय," कीर्ती म्हणाली. "पन हसायला गेली का गनित इसरते बाई."

बाईंनी ओल्याच हाताने तिचं मनगट धरलं आणि तिला वर्गात आणलं. टॅब चालू केला. पोपट म्हणाला, "तू उदास आहेस का?"

"फार बोलतोस," असं म्हणत बाईंनी कपाळावरची टिकली काढली आणि टॅबच्या कॅमेऱ्यावर दाबून बसवली.

पोपटाने इकडे तिकडे पाहिलं. चेहरा सापडेना, तेव्हा तो नुसत्या उत्तरांवर चालू लागला. बेरीज झाली, हातच्याची वजाबाकी झाली, गुणाकार आले. कीर्तीच्या कपाळावरची आठी खोल खोल होत गेली. मधली सुट्टी संपली, पोरं आत येऊन तिच्याभोवती जमली. भागाकार आले. पाचवीची गणितं सुरू झाली. निकेशही येऊन मागे थांबला.

"मॅडम, कॅमेऱ्याला काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

"झोपवलाय."

"अहो, पण मग तिला मजा येतेय की नाही, कळणार कसं?"

"तिला विचार की."

निकेश खरंच उकिडवा बसला. "कीर्ती, मजा येते का गं तुला?"

कीर्तीने पडद्यावरची नजर हलवली नाही. "मदी बोलू नका हो! माजा गनित चाललाय."

निकेश मागे रेलून जो हसत सुटला, तो डोळे पुसतच उठला. मग गंभीर होत म्हणाला, "मॅडम, हे ऑफिसात सांगायलाच पाहिजे."

त्याने सांगितलंही. पुढच्या वेळी तो आला तेव्हा टॅबवर दोन नवी बटणं होती, 'सोपं दे' आणि 'अवघड दे'. कॅमेरा चालू ठेवायचा की नाही, हेही आता मुलांच्या हातात होतं. रोशनीने चालू ठेवला, तिला पोपटाला तोंडं वेंगाडून दाखवायची होती. कीर्तीचं बोट मात्र 'अवघड दे'वरून हलेना. शिबिराला शाळेतून सहा मुलं गेली.

शिबिर संपल्यावर कंपनीने फोटोग्राफर बोलावला. सहा पोरं ओळीने उभी राहिली. कीर्तीने बाईंना ओढून आपल्या बाजूला घेतलं. महादेवराव बाईंना न्यायला स्कूटर घेऊन आले होते, ते झाडाखाली थांबले.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं, मान बाजूला काढली, पुन्हा पाहिलं. "मॅडम, तुम्ही आणि ती छोटी, जरा हसा ना."

"हसतोय ना आमी," कीर्ती म्हणाली.

फोटोग्राफर गोंधळून निकेशकडे बघू लागला. झाडाखालून महादेवरावांचा आवाज आला, "काढा हो तुम्ही फोटो. दोघी भयंकर खुशीत आहेत."

बाईंनी कीर्तीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघींनी सरळ, कोरड्या चेहऱ्याने समोर बघितलं.