पावसातले टहाळे

माझे यजमान धर्माजी तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि झाडांचे डॉक्टर झाले. त्याला त्यांना तीन दिवस लागले, कारण कृषी खात्याचं छाटणीचं शिबिर तीनच दिवसांचं होतं. प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये बंद करून देव्हाऱ्याशेजारी टांगलं. त्यासाठी देवांना जरा सरकून बसावं लागलं, पण देव काही बोलले नाहीत. बोलणारी घरात मी एकटीच.

केळव्याला आमची वाडी आहे. चिकू, नारळ, थोडे आंबे. तिथे आता यांचं राज्य सुरू झालं. पावसात झाडाला लोखंड लावायचं नाही. दसरा जाऊ द्यायचा, हवा कोरडी होऊ द्यायची, दव सुकलं की उन्हात कापायचं. जाड फांदी असली तर आधी खालून थोडी करवत मारायची, मग वरून, म्हणजे पडताना ती खोडाची साल ओढून नेत नाही. एक झाड झालं की कात्री-करवत स्पिरिटात बुडवायची, आणि आजारी झाड सगळ्यात शेवटी घ्यायचं. जखमेवर मोरचूद आणि चुन्याची पेस्ट फासायची. माझ्या दोन्ही बाळंतपणांत एवढी स्वच्छता कुणी पाळली नव्हती.

मनोरकडच्या पाड्यावरून सुका दरवर्षी छाटणीला येतो. पूर्वी तो दिवसाला दहा झाडं उरकायचा. यांच्या देखरेखीखाली तीन होऊ लागली. एकदा चिकूवर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "भाऊ, झाड कापायचा हाय का त्याचा लगीन लावायचा हाय?" मी ओटीवर पोट धरून हसले. यांनी शांतपणे बाटलीचं बूच लावलं.

फक्त एका झाडाला हात लावायची यांना बंदी होती. स्वयंपाकघरामागचा राजापुरी आंबा माझा. माझ्या वडिलांनी वाणगावला स्वतः बांधलेलं कलम, माझ्या लेकीच्या, मेघालीच्या जन्माच्या वर्षी त्यांनी ते डब्यात लावून आणून दिलं होतं. वडील गेले. भावांनी वाणगावची वाडी विकली, तिथे आता पत्र्याचं गोदाम उभं आहे. त्या वाडीतलं जिवंत असं एवढंच उरलं आहे. हे झाड मेलं तर माझं माहेर मेलं, असं मी यांना लग्नाच्या बायकोच्या सगळ्या अधिकाराने बजावलं होतं. "तुमची करवत चिकूला दाखवा. माझ्या झाडाला तुमच्या शिबिराची गरज नाय."

या झाडाची पानं लांब, रुंद आणि काळीशार. गल्लीत कुणाकडे पूजा असली की टहाळे आमच्याकडचेच. मला त्याचा कोण अभिमान! श्रावणात सत्यनारायण, मग गणपती, मग गौरी, घटस्थापना. शेजारची वत्सला तर फाटक उघडतानाच हाक मारायची, "अगो आनंदी, चार टहाळे दे गो!" चार म्हणजे हाताला येतील तेवढे. मंडळाचा मितेश मखरासाठी यायचा, तो फांदीच धरून पिळायचा. साल लोंबत राहायची. मी वर स्टूल आणून द्यायची, कुणी पडू नये म्हणून. देवाच्या कामाला आलेला माणूस पडला तर पाप कुणाला लागणार?

गेल्या भाद्रपदात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. हरतालिकेला भर पावसात सात-आठ जणी झाडाखाली होत्या, कडाकड फांद्या मोडत होत्या. हे छत्री घेऊन बाहेर आले.

"आनंदी, पावसात मोडू नको देऊस. लागतीलच तर मी कात्रीने कापून देतो, पेस्ट लावतो."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता बायकांसमोर मी गप्प बसणार होते थोडीच!

"गणपतीला पण स्पिरिटात बुडवून बसवा तुमी," मी म्हणाले. "देवाला वाहिलेल्या फांदीला कसला रोग होतो?"

वत्सला एवढी हसली की तिच्या हातातलं ताट कलंडलं. हे छत्री मिटून आत गेले. छत्री बाहेरच मिटली, त्यामुळे भिजूनच गेले.

दिवाळीनंतर राजापुरीचे शेंडे वाळायला लागले. टोकाकडून खाली, एकेक डहाळी. पानं तपकिरी होऊन मुरडली, पण गळेनात, तशीच लटकून राहिली. दोन ठिकाणी डिंक आला. मी रोज सकाळी बघायची आणि रोज वाळणं बोटभर खाली उतरलेलं असायचं. मला जेवण जाईना.

आणि मला कारण लगेच कळलं. मला नेहमीच लगेच कळतं. यांनीच माझ्या नकळत करवत लावली असणार, चिकूवरचा रोग माझ्या झाडाला दिला असणार. मी तसं यांना तोंडावर सांगितलं. हे म्हणाले, "मी हात लावलेला नाही." मी म्हणाले, "तुमच्या हाताला डोळे फुटलेत, आपोआप चालतात." मग मी ते वत्सलाला सांगितलं. वत्सलाला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलंच, तरी मी कष्ट घेऊन घरोघरी जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी स्वतःच्या घरातच रोगी मारला, असा विनोद नाक्यावर चहाबरोबर वाटला जाऊ लागला. हे तिथे चहा प्यायला जायचे बंद झाले. मला वाटलं, बरं झालं.

सुका आला तेव्हा मीच त्याला झाडावर चढवलं. मला साक्षीदार हवा होता.

तो बराच वेळ वर होता. मग खालच्या फांदीवर येऊन बसला आणि म्हणाला, "बाय, जरा हिकडं ये. हात वर कर."

मी हात वर केला.

"आता बघ. तुजा हात पोचतो तिथपर्यंत सुकलाय. स्टुलावर चढून पोचतो तिथपर्यंत सुकलाय. त्याच्या वर हिरवा हाय, सगला."

मी बघितलं. वरचा घेर खरंच हिरवागार होता. खाली मात्र प्रत्येक वाळक्या फांदीच्या टोकाला एक मोडका खुंट होता, चिंध्या झालेल्या सालीचा. सुक्याने एक खुंट चाकूने तासून दाखवला. आत लाकडात तपकिरी रेघ उतरत गेली होती.

"करवतीचा घाव असा नसतो बाय. ह्यो हातानं पिरगाळलाय. पावसात पिरगाळला, पाणी आत गेला, रोग आत गेला."

एक खुंट मी ओळखला. गौरीच्या आदल्या दिवशी तो मी स्वतः मोडला होता, दुसऱ्यांना दिल्यावर आपल्याला राहिला नाही म्हणून चडफडत. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि एवढी लाज वाटली की सुक्याला खाली उतरायला सुद्धा सांगता येईना.

हे मागे येऊन उभे होते. त्यांना आधीच ठाऊक होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"तुमी बोलला का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं होतं की, गणपतीत."

"त्याच्यानंतर. मी गावभर तुमचं नाव घेत होते तेव्हा."

"तू दोन वेळा जेवत नव्हतीस," हे म्हणाले. "त्यात आणखी हे कुठे सांगू?"

मग त्यांनी विचारलं, "कापू?" लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या झाडाबद्दल मला पहिल्यांदा विचारलं आणि मी पहिल्यांदा हो म्हणाले. ऊन चांगलं वर आलं होतं. वाळकं संपतं त्याच्या खाली वीतभर, आत रेघ दिसणार नाही अशा पांढऱ्या लाकडापर्यंत हे कापत गेले. खालचा अर्धा घेर गेला. एक जाड फांदी मात्र खोडापर्यंत गेलेली निघाली. ती पडली तेव्हा मी रडले, काही लपवलं नाही. कापलेलं सगळं आम्ही लांब नेऊन जाळलं. वरचं वाचेल का, ते सुकाही सांगेना. चैत्रात पालवी आली तर आली, म्हणाला.

हात धुऊन मी आधी वत्सलाकडे गेले. बाकीची घरं तिच्यानंतर.

"वत्सला, झाड यांनी नाय मारला. आपण मारला. तू, मी, मितेश, सगळ्यांनी. भर पावसात मोडून मोडून."

वत्सला तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं, जरा विचार केला आणि माझी समजूत घालायला म्हणाली, "जाऊ दे गो. देवाच्या कामी तर आला ना?"

"देवानं एक पान तरी मागितला होता का तुज्याकडं?" मी म्हणाले.

माझ्या बोलण्यावर वत्सला नेहमी हसते. त्या दिवशी हसली नाही, आणि मलाही हसवावंसं वाटलं नाही.